इलेक-ट्रॅकमध्ये ट्रोजन टी-१०५: ३६ व्होल्टच ठेवा, ४८ च्या नादी लागू नका

सरळ मुद्द्यावर येतो. जीईचा (जनरल इलेक्ट्रिकचा) जुना इलेक-ट्रॅक, म्हणजे बॅटरीवर चालणारा गार्डन ट्रॅक्टर, ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांच्या बॅटऱ्या आता मान टाकायला लागल्यात त्यांना पडणारा प्रश्न एकच असतो, आता घालायचं काय? सहा व्होल्टच्या सहा, बारा व्होल्टच्या तीन, आठ व्होल्टच्या सहा टाकून मशीन ४८ वर न्यायचं, की शिशाच्या बॅटऱ्या सगळ्या काढून लिथियम? माझ्या ई-१५ मॉडेलमध्ये ट्रोजन कंपनीच्या टी-१०५ या सहा व्होल्टच्या बॅटरीचा सहाचा सेट आहे, बरेच सीझन वापरतोय, गवत कापायला, ट्रॉली ओढायला, चढावर सुद्धा, आणि माझ्या एका मित्राने त्याच्या ट्रॅक्टरमध्ये लिथियम घातलंय तेही मी भरपूर चालवलंय, त्यामुळे दोन्हीबद्दल लिहितो. टी-१०५ ला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ज्यांना हे मशीन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जनरल इलेक्ट्रिकने हे गार्डन ट्रॅक्टर १९६९ ते १९७५ च्या दरम्यान न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला बनवले, नंतर हे डिझाइन व्हील हॉर्सकडे गेलं, आणि न्यू आयडियाच्या नावानेही हेच मशीन वेगळ्या रंगात विकलं गेलं. म्हणजे आज हातात असलेलं कुठलंही मशीन पन्नाशीच्या आसपासचं किंवा त्याच्या पुढचं आहे आणि तरी चालतंय, कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच. पुढे जायला एक मोटर, कटिंग डेकवर (गवत कापणाऱ्या पात्यांचा खालचा भाग) प्रत्येक पात्याला स्वतःची वेगळी मोटर, मोठमोठे कॉन्टॅक्टर (जास्त करंट जोडणारे-तोडणारे, विजेवर चालणारे स्विच), थोडे रिले (तसेच छोटे स्विच), आणि चेनसॉ किंवा हेज ट्रिमर लावायला ३६ व्होल्टचं सॉकेट. हे सगळं, अगदी सगळं, ३६ व्होल्ट धरून गुंडाळलेलं आणि मोजलेलं आहे. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण बॅटरी निवडताना बहुतेकजण ॲम्पिअर-अवर (किती करंट किती तास मिळेल त्याचं माप) बघत बसतात आणि व्होल्टेजचं मात्र "थोडं वाढवलं तर पॉवर येईल" एवढ्यावर सोडून देतात.

आता टी-१०५ च का. ही मुळात गोल्फ कार्टची बॅटरी, जीसी-२ साइझ म्हणतात तिला, सहा व्होल्ट, वजन २८ किलो, क्षमता २० तासांच्या हिशोबाने २२५ ॲम्पिअर-अवर. जुन्या गोल्फ कार्टसुद्धा ३६ व्होल्टच्याच असायच्या, सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला पुढची जोडून), म्हणजे जीईच्या लोकांनी बाजारात सहज मिळणाऱ्या मापाभोवतीच ट्रॅक्टर बसवला. त्याचा फायदा आपल्याला आज मिळतोय, कारण मशीनचं उत्पादन बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या मापाची बॅटरी अजून नवीकोरी मिळते. जागा बरोबर बसते, पुढच्या बॉनेटखाली आणि मागे सीटखाली, काही कापाकापी नाही, काही वेल्डिंग नाही.

पण माप बसतं एवढंच कारण नाही. बॅटरीवर २२५ लिहिलंय म्हणून खरंच २२५ मिळत नाहीत, ते फक्त २० तास हळूहळू वापरली तर. ५ तासांत रिकामी करायची म्हटली तर तीच बॅटरी १८५ ची होते, आणि कंपनी ७५ ॲम्पिअरच्या लोडवर ११५ मिनिटं देते म्हणजे हिशोब केला तर १४४ च्या आसपास. हा ७५ चा आकडा गोल्फ कार्ट चालताना साधारण जेवढं ओढते त्यावरून धरलेला आहे, आणि गंमत बघा, माझ्या क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती लावून करंट मोजणारा मीटर) डेक चालू ठेवून सपाट जमिनीवर मध्यम गवत कापताना आकडा त्याच्याच आगेमागे फिरतो, ओलं किंवा वाढलेलं गवत आलं की वर जातो. त्यामुळे बॅटरी निवडताना कुठलीही कंपनी असो, तिचा २० तासांचा आकडा बाजूला ठेवा आणि "७५ ॲम्पिअरवर किती मिनिटं" हा आकडा विचारा. इलेक-ट्रॅकसाठी सगळ्यात खरा आकडा तो. ११५ मिनिटं म्हणजे पार रिकामी होईपर्यंत, रोज तसं केलं तर बॅटरी लवकर जाते, निम्म्यावर थांबायचं म्हटलं तर डेक चालू असताना तासभर धरा. त्यात माझं काम होतं. ज्यांचं होत नसेल त्यांनी मधे चार्जिंगला लावून उरलेलं दुसऱ्या वेळी कापावं, व्होल्टेज वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

आणि इथेच ४८ चा मोह येतो. तो येतो कसा ते सांगतो कारण तो अगदी साहजिक आहे. ट्रोजनचीच टी-८७५ म्हणून आठ व्होल्टची बॅटरी आहे, तिची लांबी-रुंदी टी-१०५ एवढीच, वजनात जेमतेम अर्ध्या किलोचा फरक. म्हणजे त्याच सहा खणांत सहा टी-८७५ ठेवल्या की ४८ व्होल्ट तयार, एक खिळा हलवावा लागत नाही. माणसाला वाटतं की अरे वा, फुकटात एक तृतीयांश जास्त! पण टी-८७५ ची क्षमता १७० ॲम्पिअर-अवर आहे. आता गुणाकार करा, ३६ गुणिले २२५ म्हणजे ८१०० वॉट-अवर, आणि ४८ गुणिले १७० म्हणजे ८१६०. तेवढंच शिसं, तेवढंच ॲसिड, तेवढीच ऊर्जा, फक्त त्याच डब्याचे तीनऐवजी चार कप्पे केलेत. रेंज वाढते ती शिशाच्या वजनाने, आणि वजन तर तेवढंच राहिलं. मी हा हिशोब जितक्या जणांना करून दाखवलाय त्यातले बरेचजण गप्प होऊन टी-१०५ घेऊन आलेत.

बरं, रेंज नाही वाढली तरी जोर वाढेल ना, असं पुढचं म्हणणं असतं. तर मोटरचं थोडं समजून घ्या. पुढे जाण्याची जी मोटर आहे तिचं फील्ड वायंडिंग (चुंबकीय क्षेत्र तयार करणारी कॉइल) वेगळं आहे, आणि वरचा स्पीड मिळतो तो फील्ड कमी करून. ४८ दिलं की आर्मेचरला (मोटरच्या फिरणाऱ्या भागाला) जास्त मिळतं तसं फील्डलाही जास्त मिळतं, फील्ड घट्ट झालं की मोटर उलट हळू फिरायला बघते, त्यामुळे स्पीड म्हणावा तसा एक तृतीयांशाने वाढतच नाही, पण फील्ड वायंडिंगमध्ये उष्णता मात्र व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ १.७८ पट. पन्नास वर्षांचं इन्सुलेशन आहे ते! तीच कथा रिले आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलची, त्या ३६ वर तासन्तास ओढून धरण्यासाठी बनवल्यात, ४८ वर हात लावला तर चटका बसेल इतक्या तापतात. शिवाय कॉन्टॅक्टर उघडताना डीसीचा जो आर्क (मोठी ठिणगी) पडतो तो व्होल्टेज वाढलं की जास्त लांब ओढला जातो आणि कॉन्टॅक्ट खात सुटतो, आणि असे कॉन्टॅक्टर आता सहज मिळत नाहीत.

डेकचं प्रकरण याहून गंभीर आहे, हा भाग कृपया कुणी वगळू नका. पात्यांच्या मोटरी परमनंट मॅग्नेटच्या आहेत, त्यांना कमी करायला फील्डच नाही, व्होल्टेज जितकं वाढवाल त्या प्रमाणात त्या सरळ पळतात. ४८ वर पातं एक तृतीयांश जास्त वेगाने फिरणार. फिरणाऱ्या पात्याला हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे नुसतं मोकळं फिरवायलाच सव्वादोन पटीहून जास्त, तर जी रेंज वाढवायला निघालात ती तिथेच जळाली. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरक्षा. गवत कापणाऱ्या मशीनच्या पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे, ती उगाच नाही घातलेली, पात्याखालून सुटलेला खडा किंवा तारेचा तुकडा त्याच वेगाने बाहेर पडतो. बनवणाऱ्याने त्या मर्यादेच्या आत ठेवलेलं पातं तुम्ही ३३ टक्के पळवलंत तर आत राहिलं की बाहेर गेलं हे तुम्ही कशावरून सांगणार? आजूबाजूला लहान मुलं, कुत्री फिरत असतात. डेक असलेल्या मशीनवर ४८ नाहीच, या बाबतीत मी अजिबात मवाळ होणार नाही.

काहीजण मधला मार्ग काढतात, पॅक ४८ चा ठेवायचा आणि डेकला मधून टॅप (पॅकच्या मध्येच जोडलेली वायर) काढून ३६ द्यायचे. ऐकायला बरं वाटतं. होतं काय की टॅपच्या आतल्या बॅटऱ्यांतून जास्त काम निघतं आणि टॅपच्या बाहेरच्या आरामात बसतात, मग चार्ज करताना बाहेरच्या लवकर भरून उकळायला लागतात आणि आतल्या अर्धवटच राहतात, असं दर वेळी थोडं थोडं होत सगळा सेट वाकडा होतो. बारा व्होल्टचे दिवे किंवा मोबाइल चार्जिंगसाठी दोन बॅटऱ्यांवरून वायर काढणारेही याच रांगेतले. ३६ वरून १२ करणारा एक छोटा कन्व्हर्टर लावा आणि तो पूर्ण पॅकवर लावा, विषय संपला. ज्यांनी जुना कंट्रोल सगळा उपटून आधुनिक कंट्रोलर बसवलाय, रिले बदललेत, आणि डेक न लावता फक्त ओढकाम करतात त्यांचं वेगळं, त्यांनी ४८ करावं, त्यांना काय करतोय ते माहीत असतं.

पाच टी-८७५ घालून ४० व्होल्टवर चालवणारेही भेटतात, एक खण रिकामा मिळतो सामान ठेवायला. वेग थोडा वाढतो, फार बिघडत नाही, पण जुना चार्जर त्या २० सेलना पूर्ण भरू शकत नाही आणि ऊर्जा सहापैकी एका बॅटरीएवढी कमी झाली ती झालीच. मला त्यात अर्थ वाटत नाही.

बारा व्होल्टच्या तीन घातल्या तर? डीप सायकल असतील तर चालतं. ट्रोजनची टी-१२७५ बारा व्होल्ट १५० ॲम्पिअर-अवर आहे, एक ३८-३९ किलोची, तीन घातल्या की ११५ किलोच्या आसपास आणि ऊर्जा ५४०० वॉट-अवर, म्हणजे टी-१०५ च्या सेटच्या दोन तृतीयांश. ज्याचं अंगण लहान आहे, ज्याला बॅटऱ्या उचलताना कंबर सांभाळायची आहे, त्याने खुशाल घ्याव्यात, जोडण्याही कमी होतात. पण कारच्या बॅटऱ्या तीन आणून बसवू नका. कारच्या बॅटरीत प्लेटी पातळ आणि भरपूर असतात, क्षणभर जोरात धक्का द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरने भरून काढायचं एवढंच तिचं काम, तिला दर वेळी निम्म्यापर्यंत उतरवलंत तर प्लेटीवरचा माल गळून तळाशी बसतो आणि एका सीझनमध्ये ती आटोपते. स्वस्त म्हणून आणलेली तीच सगळ्यात महाग पडते. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी पण विचारतात लोक, ती टिकाऊ असते यात वाद नाही, पण ती संथ डिस्चार्जसाठी बनवलेली असते, चढावर शंभराच्या वर ॲम्पिअर मागितले की व्होल्टेज पडतं, आणि उंचीमुळे बॉनेट बंद होत नाही ते वेगळंच.

आता कापलेला अर्धा मार्क. टी-१०५ ला माणूस लागतो. पाणी बघावं लागतं, सहा बॅटऱ्या म्हणजे अठरा झाकणं, मागच्या खणातल्या बॅटऱ्यांपर्यंत हात पोहोचवायला सीट वर करावी लागते आणि टॉर्च घेऊन वाकून बघावं लागतं. डिस्टिल्ड वॉटरच, आणि चार्ज झाल्यानंतर भरायचं, आधी भरलं तर चार्ज होताना ॲसिड फुगून वर येतं आणि ट्रेवर सांडतं, ट्रे गंजायला सुरुवात तिथूनच होते. फक्त प्लेटी उघड्या पडल्या असतील तर आधी प्लेटी बुडतील इतकंच घालायचं. सांडलंच तर खायचा सोडा पाण्यात घालून धुवायचं, झाकणं लावलेली असताना, सोडा आत गेला तर वाट लागेल. ज्याला हे जमणार नाही त्याने एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली बंद बॅटरी) घ्यावी, पाणी नको, सांडणं नको, पण ती महाग, तेवढ्याच वजनात क्षमता थोडी कमी आणि जास्त चार्ज केलेलं तिला सोसत नाही, एकदा आतलं पाणी उडालं की परत घालता येत नाही. जुन्या टायमरच्या चार्जरवर एजीएम लावू नका एवढं नक्की.

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) मात्र प्रत्येकाने ठेवावा. पूर्ण भरलेल्या टी-१०५ ची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.२७७ यायला पाहिजे आणि किमान सहा तास विश्रांती दिल्यावर एका बॅटरीचं व्होल्टेज ६.३७, म्हणजे पूर्ण पॅक ३८.२. निम्मी उतरली की ६.०५, पॅक ३६.३. म्हणजे पूर्ण आणि निम्मं यात फक्त दोन व्होल्टचा फरक आहे, म्हणून साधा स्वस्त मीटर चालत नाही, दशांश नीट दाखवणारा पाहिजे. अठरा सेलपैकी सतरा १.२६५ ला आणि एकच १.१५० ला दिसला तर तो सेल जाणार, आणि तो एकटा अख्ख्या ट्रॅक्टरला खाली खेचतो, कारण सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून तोच जातो. अशा वेळी पाच जुन्या आणि एक कोरी असं करू नये असं म्हणतात ते खरं आहे, जुवाला एक तरणा आणि एक म्हातारा बैल जुंपल्यासारखं होतं, नव्याचा जोर जुन्याला ओढण्यात जातो. सेट अगदी नवीन असेल तर एक बदला, जुना असेल तर सहाही बदला.

दुसरी गोष्ट जी कुणी बघत नाही ती म्हणजे केबलच्या लग, म्हणजे बॅटरीला जोडायची टोकं. ट्रॅक्टर अशक्त झालाय, चढत नाही, म्हणून लोक बॅटऱ्या बदलतात आणि जुन्याच केबल परत लावतात. मीटर मिलिव्होल्टवर घ्या, एक टोक बॅटरीच्या पोलवर टेकवा, केबलवर नाही, पोलवरच, दुसरं लगच्या तांब्यावर, आणि कुणालातरी ट्रॅक्टर चढावर चालवायला सांगा. चांगल्या जोडणीला काही मिलिव्होल्ट दिसतात. तिथे ०.२ व्होल्ट दिसले आणि करंट १०० ॲम्पिअर असला तर त्या एवढ्याशा जागेत २० वॉट उष्णता तयार होतेय, सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवल्यासारखं, आणि शिशाचा पोल त्याने मऊ होऊन वितळू शकतो. वायर ब्रशने पोल आणि लग चकचकीत करा, घट्ट आवळा पण शिसं आहे हे लक्षात ठेवून, वरून पेट्रोलियम जेली. केबल ३५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाडच. नुसत्या साफसफाईने मेलेला ट्रॅक्टर उठून बसलेला मी बघितलाय.

लिथियमबद्दल. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. मला ते आवडतं, मी विरोधात नाही, आणि ३६ व्होल्टच्या मशीनमध्ये ते सुंदर बसतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक सेल ३.२ व्होल्टचा, बारा सेल सिरीजमध्ये म्हणजे ३८.४, पूर्ण भरल्यावर ४३.८. शिशाचा पॅक चार्जिंगच्या शेवटी ४४ च्या वर जातोच, म्हणजे बारा सेलचा पॅक मशीनच्या ओळखीच्या हद्दीत राहतो. बाजारात सोळा सेलचे तयार पॅक जास्त दिसतात, ते ५१.२ व्होल्टचे, भरल्यावर ५८.४, ते घेऊ नका, ते तर ४८ पेक्षाही पुढे गेले. २८० ॲम्पिअर-अवरचा एक सेल साडेपाच किलोच्या आत येतो, बारा सेल ६५ किलो, आणि ऊर्जा पावणेअकरा हजार वॉट-अवर, त्यातली बहुतेक सगळी वापरता येते. मित्राचा ट्रॅक्टर शेवटच्या पट्ट्यापर्यंत पहिल्या मिनिटासारखाच चालतो, माझा शेवटी शेवटी थोडा मंदावतो, हा फरक सीटवर बसल्या बसल्या जाणवतो.

पण चार गोष्टी आधी ठरवून मग त्यात पडा. पहिली वजनाची. टी-१०५ चा सेट १६८ किलोचा आहे आणि ते वजन मागच्या चाकांना पकड देतं, मशीनचा तोल त्यावर ठरवलेला आहे. शंभर किलो कमी केले की ओल्या चढावर चाकं गरगरतात, मित्राला शेवटी मागे लोखंडी वजनं लावावी लागली. नुसतं गवत कापणाऱ्याला कमी वजन चांगलंच, जमीन दबत नाही, पण नांगर ओढणाऱ्याला किंवा पाटी लावून बर्फ सरकवणाऱ्याला ते परत घालावंच लागतं.

दुसरी बीएमएस, म्हणजे लिथियम पॅकवर लक्ष ठेवणारं आणि गरज पडली की तो तोडणारं सर्किट. मोटर उभी असताना सुरू होते तेव्हा क्षणभर काहीशे ॲम्पिअर मागते, १०० ॲम्पिअरचा बीएमएस घातलात तर ऐन चढावर तो पॅक तोडतो आणि ट्रॅक्टर मधेच उभा. २०० सलग देणारा घ्या आणि सर्जचा आकडा किती सेकंदांसाठी आहे तेही विचारून घ्या. आणि याच्याच पोटातली एक गोष्ट, ही मोटर उतारावर जनरेटर होते, म्हणजे बॅटरीत करंट परत ढकलते. शिशाची बॅटरी ते निमूट घेते. लिथियम शंभर टक्के भरलेलं असताना उतारावरून खाली आलात तर बीएमएस चार्जिंग बंद करायला जातो, करंटला जायला जागा राहत नाही आणि व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात ब्रेक लागल्यासारखा जो आधार मोटरचा होता तोही जातो. ज्यांचं घर वर आणि अंगण खाली आहे त्यांनी ९० टक्क्यांवरच थांबावं.

तिसरी थंडी. शून्य अंशाच्या खाली एलएफपी चार्ज करायचं नाही, सेलमध्ये धातूचं लिथियम साठून तो कायमचा बिघडतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात बर्फ सरकवायला मशीन वापरणाऱ्यांनी हीटर असलेला पॅक घ्यावा. शिसं थंडीत कमी देतं पण असं मरत नाही, फक्त उतरलेलं ठेवू नका, पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे दहाच्या आसपास गोठून डबा फुटू शकतो, भरलेली असेल तर तो प्रश्नच येत नाही. चौथी गोष्ट छोटी आहे, व्होल्टेजवर चालणारा डॅशवरचा गेज एलएफपीवर उपयोगाचा राहत नाही, व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं आणि शेवटी एकदम पडतं. शंटवाला मीटर लावा, जो आत किती गेलं बाहेर किती आलं ते मोजतो.

जुन्या इलेक्ट्रिक कारची मॉड्यूलही लोक वापरतात, पहिल्या पिढीच्या निसान लीफची विशेष, एक मॉड्यूल जेमतेम चार किलोचं, पाच सिरीजमध्ये लावली की भरल्यावर ४२ व्होल्ट, ३६ ला छान जुळतं. पण ती केमिस्ट्री एलएफपीएवढी शांत नाही, मॉड्यूल किती वापरलेलं आहे ते बाहेरून कळत नाही, आणि सीटखाली ती ठेवून वर बसायचं म्हणजे बीएमएस, फ्यूज, दाबून धरणाऱ्या प्लेटी सगळं नीट करणारा माणूस पाहिजे. ज्याला जमतं त्याने करावं.

चार्जरवर मात्र सगळ्यांनी थांबून विचार करा, बॅटरी कुठलीही घाला. मशीनमधला मूळ चार्जर फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मरचा आहे, टायमर फिरवायचा आणि तो वेळ संपेपर्यंत ढकलत राहतो, बॅटरी भरली की नाही हे त्याला कळत नाही. तो १२० व्होल्ट ६० हर्ट्झवर ट्यून केलेला आहे. ५० हर्ट्झच्या देशात नुसता स्टेपडाउन लावून तो चालवू नका, व्होल्टेज बरोबर झालं तरी फ्रिक्वेन्सी बदललेली असते, आउटपुट हुकतं आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. ३६ व्होल्टचा आधुनिक तीन टप्प्यांचा चार्जर घ्या, करंट क्षमतेच्या साधारण १० टक्के, म्हणजे टी-१०५ ला २२-२५ ॲम्पिअर, आणि शिशासाठी ४४.५ व्होल्टपर्यंत जाणारा. त्यात इक्वलायझेशनची सोय असेल तर उत्तम, अधूनमधून मुद्दाम जास्त चार्ज करून सगळे सेल एका पातळीवर आणता येतात, पण ते फक्त पाण्याच्या बॅटरीला, एजीएमला आणि लिथियमला कधीच नाही. चार्ज करताना बॉनेट उघडं ठेवा, हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्क्यांच्या वर जमला की ठिणगीने पेटतो. आणि काम झालं की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा, उद्या बघू म्हणून ठेवलेली उतरलेली बॅटरी सल्फेट धरते (प्लेटींवर कडक थर बसतो), या बॅटऱ्या वापरून मरतात त्यापेक्षा जास्त नुसत्या पडून मरतात.

विकत घेताना एक काळजी. टी-१०५ च्या टर्मिनलवर एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो, अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि आकडा वर्षाचा शेवटचा. मला एका विक्रेत्याने नवीन म्हणून जो सेट दाखवला त्यात दोन वेगवेगळ्या वर्षांच्या बॅटऱ्या होत्या आणि त्यातल्या जुन्या ६.१ व्होल्टवर बसलेल्या, म्हणजे चाळीस टक्के उतरून कितीतरी महिने गोदामात सल्फेट खात पडलेल्या. मी त्या घेतल्या नाहीत, दुसरीकडून एकाच महिन्याचा शिक्का असलेल्या सहा घेतल्या. मीटर खिशात घालूनच जा, सहाही बॅटऱ्यांवर दुकानातच टेकवा, सगळ्या ६.३ च्या वर आणि एकमेकींच्या ०.०३ च्या आत पाहिजेत, नसतील तर गाडीत चढवू देऊ नका.